चिंचबनाचं आदर्श उत्तर

बिराजदार सरांच्या शर्टाच्या खिशात दोनच गोष्टी असायच्या, एक लाल पेन आणि मूठभर चिंचोके. वर्गात कुणी पेंगलं की चिंचोका नेमका कपाळावर बसायचा. अवघड प्रश्नाचं उत्तर कुणी बरोबर दिलं तरी चिंचोकाच मिळायचा, फक्त तो हातावर ठेवला जायचा. वर्ष सरत आलं की हुशार पोरांच्या कंपासपेट्या खुळखुळायला लागायच्या. माझ्या पेटीत फार जमले नाहीत. उत्तर मला यायचं, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत सर पुढच्या बाकाकडे गेलेले असत.

मी नांदेडहून अकरावीला लातूरला आले होते. तेव्हा नांदेडकडून येणाऱ्या प्रत्येक एसटीत एक तरी लोखंडी ट्रंक, एक गादीची वळकटी आणि डॉक्टर व्हायला निघालेलं एक पोर असायचंच. माझ्या खोलीत एक बिलोलीची होती, एक उमरीची. दोघी मराठी शाळेतल्या, खणखणीत बोलणाऱ्या. मी दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत, त्यामुळे त्या मला आधी शिष्ट समजल्या आणि मग मुकी. दोन्हीत थोडंथोडं तथ्य होतं.

सरांना नावं लक्षात राहत नसत, गावं राहत. "ए बिलोली, पाय खाली घे." "उमरी, झोप झाली का?" मी अर्थातच नांदेड. कुणी किल्लारीकडचं निघालं तर सर एक प्रश्न जास्तीचा विचारायचे, "जुनं का नवं?" सुरुवातीला मला तो कळला नाही. भूकंप झाला तेव्हा मी बालवाडीत होते. नांदेडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली आणि वडील आम्हाला उचलून बाहेर पळाले, एवढंच घरी सांगतात. लातूरला मात्र माणसं कुठलीही आठवण काढताना आधी भूकंपाच्या अलीकडची की पलीकडची ते सांगून टाकायची. आमचा क्लास पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये भरायचा. माझ्या वडिलांना पहिल्या दिवशी ते बघून वाईट वाटलं. तिथल्या शिपायानं त्यांची समजूत काढली, "साहेब, पत्रा बरा. पडला तर टाके पडतेत. स्लॅब पडला तर दहावं घालावं लागतंय."

सर बॉटनी शिकवायचे. पण खरं तर ते पेपर लिहायला शिकवायचे. आधी सराव, मग पुन्हा सराव, मग त्याच पेपराचा तिसऱ्यांदा सराव. प्रत्येक प्रश्नाचं एक आदर्श उत्तर असायचं, मुद्दे पाडलेलं, महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारलेलं. ते सगळ्यांनी उतरवून घ्यायचं, पाठ करायचं आणि डोळे मिटून लिहिता येईल इथवर घोटायचं. सरांचं सगळं तत्त्वज्ञान एका माणसाभोवती फिरायचं, तो म्हणजे पेपर तपासणारा. "तो थकलेला असतो," सर सांगायचे. "त्याची पाठ दुखायलेली असते, त्याला घरी जायचं असतं. त्याला शोधायला लावू नका. मुद्दा ताटात वाढून द्या. बरोबर उत्तराला मार्क द्यावेच लागतात. त्याच्या बापालाही ते टाळता येत नाही."

हे वाक्य ते इतक्या विश्वासानं म्हणायचे की आम्हाला तो तपासणारा ओळखीचा वाटायचा. थकलेला, पण न्यायी.

वर्गाबाहेरचे सर निराळे होते. क्लास सुटला की ते लुनावर बसून शहराच्या दक्षिणेला तळ्याच्या पाळीवर जायचे. तिथं जुनं चिंचबन होतं. कुणी लावलं ते कुणालाच सांगता येत नसे. चिंचेखाली झोपू नये, तिथं भूत असतं, असं लातुरातही म्हणतात. पण भूकंपानंतर सरांची अख्खी गल्ली त्या चिंचांखाली झोपली होती. धक्के थांबले तरी माणसं घरात जाईनात. सर सांगायचे, "म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, भूत परवडलं, पण डोक्यावर स्लॅब नको."

एका रविवारी त्यांनी आम्हाला तिथं नेलं. एका फांदीला त्यांनी भिंतीवरचं तापमापक टांगलं, तसंच दुसरं समोरच्या विजेच्या खांबाला, आणि आम्हाला पाळीवर बसवून ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस होते. खांबाजवळचा पारा बघून आलेली पोरं पळतच सावलीत यायची. सर काही समजावून सांगत नव्हते, नुसते चिंचेचा कोवळा पाला चघळत बसले होते. मग अचानक त्यांनी बहिणीचं सांगितलं. ती नव्या किल्लारीत राहते. जुनं गाव गेल्यावर नवं गाव नकाशा काढून बांधलं, सरळ रस्ते, ओळीनं घरं. सर दर दिवाळीला रोपं घेऊन जायचे. बहीण म्हणायची, "लावू कुठं रे दादा? नकाशात झाडाला जागाच धरली न्हाई." घरं झाली, शाळा झाली, पाणी आलं. दुपारी बसायला मात्र अजून भिंतीचीच सावली होती, आणि भिंतीजवळ बसायला म्हाताऱ्यांचा जीव धजत नव्हता.

"सगळं लवकर बांधता येतंय," सर म्हणाले. "सावली येत नाही."

त्या रविवारची तक्रार सोमवारी क्लासच्या संचालकांकडे गेली. कुणाच्या तरी वडिलांनी म्हटलं होतं की आम्ही पैसे बॉटनीचे भरलेत आणि सर झाडं दाखवायलेत.

बायपासची बातमी आली तेव्हा शहरात खरं तर आनंद झाला. उसाचे ट्रक गावातून जायचे, क्लासच्या सायकली त्यांच्या चाकांशी घासून चालायच्या. रस्ता हवा होता, हे सरही मान्य करायचे. वाईट फक्त इतकंच होतं की तो रस्ता तळ्याची पाळ फोडून चिंचबनातून जाणार होता. तळ्याच्या मागून, खडकाळ माळावरून तो सहज नेता आला असता. पण त्या माळावर तोवर प्लॉटचे दगड रोवून झाले होते आणि दगडांवर रंगीत झेंडे फडकत होते. झेंडे कुणाचे ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी नाव घेत नसे.

मग मोजणीवाले आले आणि चिंचांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे पडले. सर वर्गात आले ते त्यावरच बोलले. "आपल्या गावात पोराचा नंबर लागला की पेढे वाटतेत. आज चिंचांचा नंबर लागलाय."

पोरं हसली. सर हसले नाहीत.

चिंचबन बचाव समिती म्हणजे सर, गल्लीतली काही माणसं आणि आमच्या खानावळीच्या शकुकाकू. आम्ही मुली काकूंकडे जेवायला जायचो. काकू कमी उंचीच्या आणि जोरात बोलणाऱ्या, भाकरी थापताना साऱ्या जगाचा निकाल लावणाऱ्या. त्यांची धाकटी मुलगी वनिता, सगळे तिला वनी म्हणत, ताटं मांडायची. समितीच्या बैठका खानावळीतच व्हायच्या, कारण दुसरीकडे कुणी जागा देईना. मला सरांनी बोलावून घेतलं ते इंग्रजीसाठी. सगळे कागद मुंबईला आणि दिल्लीलाही पाठवायचे होते. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे आणि जे सांगतील ते इंग्रजीत करायचे. सरांचं चार पानी निवेदन इंग्रजीत दीड पानात बसलं. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "नांदेड, मुद्दे खाल्लेस का?" त्यांनी विचारलं. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी बोट ठेवून एकेक मुद्दा जुळवून पाहिला आणि नाइलाजानं सोडून दिलं.

वडिलांचा नांदेडहून फोन आला की मी हे सांगायची. ते स्वतः सरकारी कचेरीत होते. "त्या भानगडीत तुझं नाव कुठं येऊ देऊ नको," एवढंच ते म्हणायचे, आणि लगेच विचारायचे, "फिजिक्स कुठवर आलं?"

पेपरात जाहीर सूचना आली. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी लेखी द्याव्यात, नंतर सुनावणी होईल. त्या दिवशी सरांना मी जितकं खूश पाहिलं तितकं निकालाच्या दिवशीही पाहिलं नाही. लेखी म्हणजे त्यांचा प्रांत. "आता बघा," ते काकूंना म्हणाले, "आता पेपर आपल्या हातात आलाय."

त्यांनी आदर्श उत्तर तयार केलं. ते खरोखर उत्तम होतं. पाच मुद्दे. भूजल पुनर्भरण, तापमान नियंत्रण, धूळ व आवाज, जैवविविधता, आणि शेवटी पर्यायी मार्ग. प्रत्येक मुद्द्याला दोन ओळींचं स्पष्टीकरण, महत्त्वाचे शब्द अधोरेखित. त्याच्या झेरॉक्स निघाल्या आणि गल्लीत वाटल्या गेल्या. छापील कागदावर नुसती सही चालणार नाही, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहायचं, असा सरांचा हुकूम होता. रिक्षावाले, भाजीवाल्या, निवृत्त पोस्टमन, क्लासला येणारी गल्लीतली पोरं, सगळी माणसं खानावळीतल्या लांब टेबलांवर बसून लिहू लागली. सर मागून फिरायचे, हात पाठीशी बांधून, अगदी वर्गात फिरत तसे. "पुनर्भरणमधला र कुठं गेला?" लाल पेन खिशातून निघायचं. चुकलेलं परत लिहायला लावायचे. पोस्टमन काकांनी तिसऱ्यांदा लिहिताना मला हळूच विचारलं, "बेटी, यांच्यात नापास झालो तर पुढच्या वर्षी बसू देतेत का?"

सगळ्यांनी लिहिलं, पण काकूंनी ते उतरवलं नाही. त्यांनी आपलं वेगळं लिहून आणलं. मी ते वाचलं, कारण इंग्रजी करायला माझ्याकडेच आलं होतं. त्यात मुद्दे नव्हते. त्यांनी लिहिलं होतं की भूकंपात आम्ही चिंचबनात झोपत होतो. माझी वनी तिथंच झाली. दाईला चिमणीच्या उजेडात नीट दिसत नव्हतं. खाली विंचू फिरत होते. फांदी होती म्हणून झोळी बांधता आली, लेकरू भुईवर ठेवावं लागलं नाही. ते झाड तोडू नये. खाली सही, त्याखाली वनीची सही.

मी ते सरांकडे दिलं. सरांनी सावकाश वाचलं. मला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील. त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक तिरकी रेघ मारली. वर्गात फाफटपसाऱ्यावर मारायचे तशीच.

"काकू, हे चालणार नाही."

"कामून? म्या लिवलंय त्यात खोटं काय हाय?"

"खोटं नाही ओ. पण यात मुद्दा नाही. तपासणारा म्हणेल, हिची पोरगी झाडाखाली झाली, मग रस्त्यानं काय करावं?"

"त्यो म्हणंल तवा बघू की."

"म्हणायची संधीच द्यायची नाही," सर म्हणाले. "आपल्याला कुणाला रडवायचं नाही, पटवून द्यायचंय. हे घ्या. हे उतरवा."

काकू त्यांच्यासमोर भाकरीच्या परातीकडे बघत उभ्या राहिल्या. मग हात पुसून टेबलाशी बसल्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं. जैवविविधता हा शब्द त्यांनी वनीकडून एकेक अक्षर विचारून लिहिला. सर मागं उभे होते. शेवटी ते म्हणाले, "शाबास," आणि मनापासून म्हणाले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही तेच उत्तर जास्त बरोबर वाटत होतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तोच एक थकलेला माणूस बसला होता.

सुनावणीच्या आधीचा आठवडा तर सरावपरीक्षाच होती. तोंडी विचारलं तर? म्हणून सरांनी सगळ्यांकडून पाचही मुद्दे पाठ करून घेतले. रिक्षावाले रिक्षा चालवताना पुटपुटायचे. काकू भाकरी थापताना म्हणायच्या, "पहिला मुद्दा, भूजल पुनर्भरण," आणि पुढचा विसरला की वनीच्या नावानं ओरडायच्या.

सुनावणी एका सरकारी सभागृहात होती. पंखे हळू फिरत होते. समोर सुनावणी घेणारे एक अधिकारी बसले होते, मागं भिंतीवर बायपासचा मोठा नकाशा. मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिला. तळं निळं होतं. रस्त्याची तांबडी रेघ त्याच्या कडेनं जात होती. चिंचबन होतं तिथं कोरं होतं, आणि बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पडीक. मी सरांना दाखवलं. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांना बहिणीचं नकाशाबद्दलचं बोलणं आठवलं असेल का, मला माहीत नाही. ते फक्त म्हणाले, "लिहिलंय आपण हे. पाचव्या मुद्द्यात."

ते अधिकारी वाईट नव्हते. उलट सर वर्णन करायचे अगदी तसे होते. डोळे थकलेले, मानेवर हात फिरवत होते, सारखं घड्याळाकडे बघत होते. पण न्यायानं वागायचं असं ठरवून बसलेले. त्यांनी आमच्या गठ्ठ्यातली पहिली हरकत उचलून पूर्ण वाचली. मान डोलावली. आमच्या रांगेत सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. दुसरी हरकत त्यांनी अर्धी वाचली. तिसरीची पहिली ओळ. मग त्यांनी अंगठ्यानं अख्खा गठ्ठा पत्त्यांसारखा फर्रकन चाळला आणि फीत बांधून बाजूला ठेवला.

"लिहिलंय चांगलं," ते म्हणाले. "मुद्देसूद आहे. पण ही हरकत एकच आहे."

सर उठले. "साहेब, प्रत्येकानं स्वतःच्या हातानं लिहिलंय. आपण अक्षर बघा."

"अक्षर वेगळं आहे. उत्तर एक आहे. आपण काय करता?"

"शिक्षक आहे."

"मग तुम्हीच सांगा सर. इतके पेपर शब्दाला शब्द सारखे आले तर तुम्ही काय समजता?"

मागच्या रांगेत प्लॉटवाल्यांची माणसं बसली होती. तिकडून कुणीतरी म्हणालं, "कॉपी," आणि सभागृह हसलं. आमची माणसंही हसली, हेच फार वाईट होतं.

अधिकाऱ्यांनी सभागृहाला गप्प केलं. त्यांनी विचारलं, कुणाला याहून वेगळं काही सांगायचंय का? स्वतःचं? ऐकून घ्यायला मी बसलोय. हे ते खरंच म्हणाले. मी बाजूच्या खुर्चीवर होते, मला नीट ऐकू आलं. शेजारच्या बायांनी काकूंना उठवलं. काकू उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "पहिला मुद्दा. भूजल पुनर्भरण."

"बाई, हे आलंय यात. तुमचं म्हणून काही सांगा. तुमचा त्या झाडांशी काय संबंध?"

सगळा प्रश्न समोर पडला होता, त्याचं उत्तर साऱ्या सभागृहात एकट्या काकूंकडे होतं. वनी त्यांच्या शेजारीच बसली होती. काकूंनी सरांकडे पाहिलं. विचारल्यासारखं पाहिलं, की सांगू का? आणि मी सरांचे ओठ हलताना पाहिले. ते सांगत होते, पोर अडखळलं की सांगत तसं, आवाज न करता: दुसरा मुद्दा. तापमान.

"दुसरा मुद्दा," काकू म्हणाल्या. "तापमान नियंत्रण."

अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना बसायला सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. माणसं पांगली. सर पायरीवर उभे राहून पाचही मुद्दे पुन्हा मनात तपासत असल्यासारखे दिसत होते. चूक कुठं झाली ते शोधत असावेत. उत्तर बरोबर होतं. एकाही मुद्द्यात चूक नव्हती. काकू त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, माजं लिवल्यालं तसंच ठिवलं असतं तर एक तरी हरकत वाडली असती का न्हाई?"

सरांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी एक चिंचोका काढला आणि काकूंच्या हातावर ठेवला. सवयीनंच ठेवला असावा. काकूंनी तो निरखून पाहिला.

"हे घिऊन मी काय करू?" त्या म्हणाल्या. त्यांनी तो पायरीवर ठेवून दिला आणि वनीचा हात धरून चालू लागल्या. खानावळीची दुपारची वेळ झाली होती.

चिंचा तोडल्या त्या दिवशी आमची सरावपरीक्षा होती. यंत्रांचा आवाज तळ्यावरून थेट पत्र्याच्या शेडपर्यंत यायचा. एक झाड पडलं की आवाज बंद व्हायचा आणि थोड्या वेळानं परत सुरू व्हायचा. माझ्या बाकावरच्या मुलीनं पेन खाली ठेवलं. सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. वळले नाहीत. "लिहा," ते म्हणाले. "वेळ चालू आहे." मला त्या वाक्याचा अजूनही राग येतो. त्यांच्या जागी मी असते तर काय म्हणाले असते, तेही अजून सुचलेलं नाही.

माझा नंबर मेडिकलला लागला नाही. मी नांदेडला परत गेले आणि मायक्रोबायोलॉजी केलं. काही वर्षांनी मामेबहिणीच्या ॲडमिशनसाठी परत लातूरला यावं लागलं. रिक्षावाल्यानं विचारलं, बायपासच्या क्लासेसना जायचं का? सगळे क्लास आता बायपासला गेले होते. जिथं तळ्याची पाळ होती तिथं चार मजली इमारत होती, खाली झेरॉक्सची दुकानं, वर क्लासेस, आणि मोठ्या अक्षरांत नाव, चिंचबन कॉम्प्लेक्स. मी ते दोनदा वाचलं. ट्रक जोरात जात होते. समोर सावलीसाठी कुणीतरी हिरवी जाळी ताणली होती, पोरं तिच्याखाली दाटीनं उभी होती.

शकुकाकूंची खानावळही तिथंच आली होती, मागच्या बाजूला. काकूंनी मला ओळखलं, "ती मुकी नांदेड न्हवं का तू?" म्हणत ताट पुढं केलं. सरांचं विचारलं तर म्हणाल्या, "वरी हाईत. दुसऱ्या मजल्यावर. वनीलाबी त्यांच्याकडंच घातलंय. फी घेईनात, मीच भांडून दिली." ताटात भाकरी वाढत म्हणाल्या, "शिकवतेत चांगलं. ते कवा न्हाई म्हनलं म्या?"

बहीण फॉर्म भरत होती तोवर मी जिना चढून वर गेले. भेटायचं असं ठरवलं नव्हतं. व्हरांड्यातल्या खिडकीपाशी थांबले. आत पोरं गच्च भरली होती. सरांचे केस पांढरे झाले होते, खिशात लाल पेन तसंच. फळ्यावर प्रश्न लिहिला होता, वृक्षांचे पर्यावरणीय महत्त्व स्पष्ट करा. सर सांगत होते आणि सगळी पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती.

"पहिला मुद्दा, भूजल पुनर्भरण. खाली रेघ मारा. दुसरा, तापमान नियंत्रण."

शब्दाला शब्द तेच होतं. मी ते इंग्रजीत केलं होतं, मला पाठ होतं. फक्त पाचवा मुद्दा बदलला होता, पर्यायी मार्गाच्या जागी जमिनीची धूप आली होती. "असंच लिहा," सर म्हणाले. "पैकीच्या पैकी पडतात."

पोरांनी लिहून संपवलं. सर फळ्याकडे वळले आणि परत फिरले.

"सहावा मुद्दा लिहायचा नाही. नुसता ऐका."

पेनं थांबली. तिसऱ्या बाकावर वनी होती, दोन वेण्यांची, काकूंसारखीच कमी उंचीची. तिनं मान वर केली नाही.

"आपण बसलोय त्याच्या खाली भूकंपात एक लेकरू जन्मलं होतं. त्याची झोळी चिंचेच्या फांदीला बांधली होती. खाली विंचू होते म्हणून."

मागून एका पोरानं, अगदी साधेपणानं, विचारलं, "सर, याला किती मार्क?"

"याला मार्क नाहीत."

"मग सांगता कामून, सर?"

पोरं हसली. वनी वहीच्या कोपऱ्यात पेन टेकवून बसली होती. सरांचा हात खिशाकडे गेला. मला वाटलं, आता त्या पोराच्या कपाळावर चिंचोका बसणार. पण हात खिशावर तसाच राहिला, आणि सर त्या पोराकडे बघत उभे राहिले, फळ्याशी बोलावलेलं आणि उत्तर न येणारं पोर उभं राहतं तसे.